घरचा साबण दान द्यायचाय? पातेल्याआधी फोन उचला

दिवाळी जवळ आली की एक प्रश्न हमखास कानावर येतो : "घरी पन्नास वड्या साबण करून ठेवलाय, कुणाला देता येईल?" इथेच क्रम चुकलेला असतो. साबण झाल्यावर घेणारा शोधायला गेलं की संस्था हसतमुखाने नाही म्हणते. किंवा तोंडदेखलं ठेवून घेते आणि वड्या कोठीच्या खोलीत फिनेलच्या कॅनशेजारी पडून राहतात. साबण वाईट असतो असं नाही. कुणाला, किती, कसला आणि कधी हवा हे कुणी विचारलेलंच नसतं.

हा लेख कॉस्टिक सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड) आणि तेल वापरून थंड पद्धतीने, म्हणजे मिश्रण न शिजवता, साबण करणाऱ्यांसाठी आहे. साबणाचा तयार बेस वितळवून साच्यात ओतणाऱ्यांनी टप्पा ४ आणि ५ सोडून बाकी सगळं वाचावं.

टप्पा १ : घेणारा ठरवा आणि त्याच्याशी बोला

वृद्धाश्रम, बालगृह, आश्रमशाळा, महिलांचं आधारगृह यांपैकी एकच निवडा. पाच ठिकाणी दहा-दहा वड्या देण्यात अर्थ नाही. चाळीस माणसांच्या ठिकाणी दहा वड्या नेल्या तर वाटायच्या कुणाला, हा त्रास अधीक्षकांच्या डोक्याला. फोनवर एवढं विचारून वहीत लिहून घ्या :

– राहणारी माणसं किती? प्रत्येकाची वडी वेगळी असते की न्हाणीघरात एकच ठेवतात?
– सध्या वडी वापरता की लिक्विड? (सामायिक न्हाणीघर असलेल्या बऱ्याच संस्था आता लिक्विडच ठेवतात. तिथे तुमच्या वड्या पडूनच राहतील.)
– पाणी नळाचं की बोअरचं?
– कुणाला इसब, सोरायसिस, जखमा आहेत का? वास चालतो का?
– घरी केलेली वस्तू घ्यायला तुमच्या विश्वस्तांची किंवा कार्यालयाची हरकत आहे का?

शेवटचा प्रश्न विचारताना अवघडल्यासारखं होतं, पण तोच सगळ्यात कामाचा.

रुग्णालयाच्या वॉर्डात घरचा साबण नेऊ नका. किरणोपचार चालू असलेल्या रुग्णाची कातडी इतकी नाजूक झालेली असते की त्याला कुठला साबण लावायचा हे डॉक्टरच सांगतात.

जवानांसाठी द्यायचा असेल तर

"सीमेवरच्या जवानांना" असं लिहून एखाद्या युनिटच्या नावाने खोकं पाठवणं हा सगळ्यात वाया जाणारा खटाटोप. ज्याची कुणाला कल्पना नाही असं अनोळखी पार्सल लष्करी ठिकाणी संशयानेच पाहिलं जाणार, आणि ते बरोबरच आहे. शिवाय नोकरीतल्या जवानाला अंगाचा साबण लष्कराच्या सीएसडी कँटीनमध्ये स्वस्तात मिळतो. त्याला साबणाची चणचण नसते. घरून काहीतरी आल्याचा आनंद हवा असतो, आणि तो ओळखीच्या हातून आलेल्या वस्तूतच असतो.

म्हणून चालणारे रस्ते असे. नात्यातला, गावातला, वर्गातला कुणी फौजेत असेल तर त्याला आधी विचारा आणि त्याने दिलेल्या पत्त्यावरच पाठवा : नाव, हुद्दा, सैनिक क्रमांक, युनिट आणि "मार्फत ५६ एपीओ" किंवा "९९ एपीओ" (एपीओ म्हणजे लष्करी टपाल कार्यालय). ठिकाणाचं नाव त्यात घालायचं नसतं. दुसरा रस्ता जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा. माजी सैनिक, वीरपत्नी आणि त्यांच्या कुटुंबांचं काम हे कार्यालय पाहतं, आणि सैनिकांच्या मुलामुलींची वसतिगृहंही सैनिक कल्याण विभाग चालवतो. वसतिगृहांना अशा वस्तूंचा खरा उपयोग असतो. तिसरा रस्ता पुण्यात खडकीला : पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सैनिकांचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र, आणि अपंगत्व आलेल्या सैनिकांना प्रशिक्षण देणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट. दोन्हीकडे आधी कार्यालयाशी बोला. कमरेखालची संवेदना गेलेल्या माणसाला कातडी चुरचुरल्याचं कळत नाही, त्यामुळे तिथे बिनवासाचाच साबण, आणि तोही तिथल्या वैद्यकीय लोकांनी हो म्हटल्यावरच.

इशारा : पार्सलचा फोटो समाजमाध्यमांवर टाकण्याची हौस असेल तर पत्त्याची बाजू चुकूनही दिसू देऊ नका.

टप्पा २ : कायदा, जो सगळे वगळतात

"विकत नाही, फुकट देतोय, मग परवाना कशाला?" हा युक्तिवाद मी इतक्यांदा ऐकलाय की त्याचं उत्तर इथे सविस्तर देतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० यात अंगाचा साबण सौंदर्यप्रसाधनात मोडतो. कलम १८ परवान्याशिवाय उत्पादनाला मनाई करतं ते "विक्रीसाठी किंवा वाटपासाठी". वाटप हा शब्द कायद्यातच आहे. पैसे घेतले नाहीत म्हणून सुटका होत नाही. सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० खाली उत्पादनाचा परवाना सीओएस-८ या नमुन्यात मिळतो, आणि महाराष्ट्रात तो देणारं खातं म्हणजे अन्न व औषध प्रशासन.

भावाला किंवा मैत्रिणीला दिलेल्या दोन वड्या ही घरगुती देवाणघेवाण झाली, तिथे कुणी विचारायला येत नाही. संस्थेत पन्नास-शंभर वड्या वाटणं हे मात्र सरळ वाटप. तेव्हा यातला एक मार्ग निवडा :

१. जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात जाऊन काय करणार आहात ते सांगा आणि त्यांचं म्हणणं लेखी घ्या. ई-मेलचं उत्तरही चालेल.

२. परवाना असलेला बचतगट किंवा छोटा कारखाना गाठा. तेलाचा खर्च तुमचा, कृती दोघांनी मिळून ठरवलेली, साबण त्यांच्या परवान्यावर. वेष्टन आणि लेबलही त्यांच्याकडेच, कारण कायद्यात तेही उत्पादनातच धरतात; पोचवण्याचं काम तुम्ही करू शकता. मला हाच मार्ग सगळ्यात सोयीचा वाटतो.

३. संस्थेलाच शिकवा. त्यांच्या स्वयंपाकघरात, त्यांच्या कर्मचाऱ्यांनी, त्यांच्याच वापरासाठी केलेला साबण हा बाहेरून आलेल्या मालाचं वाटप नव्हे. मात्र कॉस्टिक सोड्याचं काम दोन जाणत्या माणसांनीच करायचं. मुलांनी आणि आजी-आजोबांनी वड्या गुंडाळाव्यात, तेही साबण पूर्ण मुरल्यावर.

पुढचे टप्पे तिन्ही मार्गांना लागू आहेत.

टप्पा ३ : तारीख उलटी मोजा

थंड पद्धतीचा साबण किमान ४ आठवडे मुरायला लागतो, दानासाठी मी ६ धरतो. वेष्टन, लेबल आणि पोचवण्याला आणखी आठवडा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हवाच इतकी ओली की ८ आठवडेही कमी पडतात. साबणातलं ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं आणि वड्यांवर घामासारखे थेंब येतात.

म्हणजे राखीपौर्णिमेला किंवा १५ ऑगस्टला द्यायचा साबण मे महिन्यात झालेला हवा. आषाढी वारीत दिंडीला छोट्या वड्या द्यायच्या तर चैत्रातच पातेलं चढवा. दिवाळीसाठी लोक सप्टेंबरात जागे होतात आणि मग "अजून ओला आहे पण चालेल" असं म्हणत देऊन टाकतात. चालत नाही. कच्चा साबण तीन दिवसांत विरघळतो आणि संस्थेच्या मनात घरच्या साबणाबद्दल कायमची अढी बसते.

किती करायचा? माणशी २ वड्या आणि वर दहा टक्के. चाळीस जणांना ८८. तुकडे पडतात, दोन-चार तपासणीला जातात.

टप्पा ४ : साहित्य आणि वजन

इथल्या चुका पुढे दुरुस्त होत नाहीत, म्हणून इथे थांबून वाचा.

लिटर म्हणजे किलो नव्हे. एक लिटर तेलाची पिशवी हातात घ्या आणि तिच्यावरचं वजन वाचा : साधारण ९१० ग्रॅम. एक पिशवी म्हणजे एक किलो धरून कॉस्टिक मोजलं तर प्रत्येक पिशवीमागे ९० ग्रॅम तेल कमी पडतं आणि तेवढ्या तेलाला लागणारं कॉस्टिक जास्तीचं होतं. कातडी जाळणारे घरगुती साबण बऱ्याचदा असेच तयार होतात. कप, चमचा, मापाचा पेला सगळं बाजूला ठेवा. १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा नसेल तर साबण करायला घेऊ नका.

तेल कुठलं. खोबरेल खाण्याचंच घ्या. केसांना लावायच्या "चिपचिप न करणाऱ्या" सुगंधी तेलांत खनिज तेल असतं, त्याचा साबण होत नाही. "ब्लेंडेड" खाद्यतेलही नको. कशात काय किती आहे ते कळल्याशिवाय कॉस्टिकचा हिशोब करणार कसा? करडई आणि सूर्यफूल थोडंच वापरा. असा साबण लवकर खवट होतो, त्यावर नारंगी ठिपके येतात.

हिशोब. दानासाठी मी वापरतो ती साधी कृती, १ किलो तेलाची (कंसातला गुणक म्हणजे त्या तेलाच्या १ ग्रॅमला लागणारं कॉस्टिक, ग्रॅममध्ये) :

खोबरेल ४०० ग्रॅम (× ०.१८३ = ७३.२)
पामतेल ३०० ग्रॅम (× ०.१४२ = ४२.६)
शेंगदाणा तेल २०० ग्रॅम (× ०.१३६ = २७.२)
एरंडेल १०० ग्रॅम (× ०.१२८ = १२.८)

बेरीज १५५.८ ग्रॅम. सगळ्या तेलाचा साबण व्हायला एवढं कॉस्टिक लागेल. त्यातलं ७ टक्के कमी करायचं, म्हणजे थोडं तेल साबणात तसंच राहतं आणि कातडी कोरडी पडत नाही. उरतात १४४.९, आपण १४४ ग्रॅम घेऊ. पाणी त्याच्या दुप्पट, २८८ ग्रॅम. एकूण मिश्रण १४३२ ग्रॅम : ओल्या १०० ग्रॅमच्या १४ वड्या, मुरल्यावर प्रत्येकी ८५ ते ९० ग्रॅम.

शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं कुणी संस्थेत असेल तर ते तेल बदला आणि त्या तेलाच्या आकड्याने पूर्ण हिशोब पुन्हा करा. "तेवढंच तेल दुसरं घातलं" असं चालत नाही. प्रत्येक तेलाची कॉस्टिकची भूक वेगळी.

पाणी बोअरचं असेल तर, म्हणजे सोलापूर-मराठवाड्याकडे बहुतेक ठिकाणी, नुसता साबण फेसाळत नाही आणि बादलीला पांढरी साय धरतो. किलो तेलामागे १० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्त्व, आधी पाण्यात विरघळवा आणि कॉस्टिक ६ ग्रॅमने वाढवा. ॲसिड तेवढं कॉस्टिक खाऊन टाकतं. वाढवायला विसरलात तर साबण मऊ आणि तेलकट होईल.

कॉस्टिक. रसायनांच्या दुकानातून ९८ टक्के किंवा जास्त शुद्धतेचं, बंद डब्यातलं. मोरी साफ करायची पूड अजिबात नको, तिच्यात आणखी काय काय असतं. डबा उघडा राहिलेला, गोळे झालेला माल ओलावा पिऊन बसलेला असतो. त्याचं वजन खोटं.

बाकी. हळद, बेसन, कडुलिंबाचा ताजा पाला, दूध, केशर यांचा मोह आवरा. ताजा पाला काळा पडतो, हळद टॉवेलला लागते. वृद्ध आणि लहान मुलांसाठी सुगंधी तेलही नको. बिनवासाचा पांढरट साबण दिसायला साधा असतो, पण परत येत नाही.

तपासा : वहीत प्रत्येक तेलाचं नाव, वजन, आकडा, कॉस्टिक, पाणी, तारीख आणि बॅच नंबर लिहिलाय का? दुसऱ्या कुणीतरी बेरीज पडताळलीय का?

टप्पा ५ : साबण करणं

१. मुलं आणि मांजर खोलीबाहेर. खिडकी उघडी. चष्मा, रबरी हातमोजे, लांब बाह्या, पायात बूट.

२. भांडी स्टीलची किंवा तळाला त्रिकोणात ५ आकडा असलेल्या प्लास्टिकची. जर्मनचं पातेलं चालणार नाही. ॲल्युमिनियमशी कॉस्टिकची क्रिया होऊन हायड्रोजन वायू सुटतो आणि भांडं खाल्लं जातं. पितळ-तांबंही नको. ही भांडी पुन्हा स्वयंपाकाला नाहीत.

३. गार पाण्यात कॉस्टिक थोडं थोडं टाका. उलटं कधीही नाही : कॉस्टिकवर पाणी ओतलं तर ते उसळून अंगावर येतं. मिश्रण आपोआप कडक तापतं, वाफ घशाला लागते, तोंड बाजूला ठेवा.

४. थंडीत खोबरेल गोठलेलं असेल तर आधी वितळवा. तेल आणि कॉस्टिकचं पाणी दोन्ही ४० ते ४५ अंशांवर आल्यावर पाणी तेलात गाळून ओता.

५. हँड ब्लेंडर थोडा चालवा, थोडा थांबवा. उचललेल्या ब्लेंडरवरून पडलेली धार पृष्ठभागावर क्षणभर रेघ धरून राहिली की मिश्रण झालं. नुसतं एकजीव दिसतंय म्हणून आधीच ओतलं तर साच्यात वर तेल आणि खाली कॉस्टिक असे थर पडतात.

६. साच्यात ओतून झाका. २४ ते ४८ तासांनी, बोटाने दाबून घट्ट लागला की कापा. हातमोजे अजून घालायचेच.

इशारा : अंगावर उडालं तर वाहत्या पाण्याखाली १५ ते २० मिनिटं धरा. व्हिनेगर किंवा लिंबू चोळू नका. डोळ्यात गेलं तर तसंच धूत राहा आणि थेट डॉक्टर गाठा.

टप्पा ६ : मुरवणं आणि तपासणी

वड्या जाळीवर, एकमेकींना न चिकटवता, सावलीत, हवेशीर जागी. उन्हात ठेवून "लवकर वाळवणं" हा घात आहे : बाहेरून कडक, आतून ओल्या, वर वाकड्या. आठवड्यातून एकदा उलटा. एका वडीवर खूण करून तिचं वजन दर आठवड्याला लिहा. वजन उतरायचं जवळपास थांबलं म्हणजे वडी वाळली.

देण्याआधी प्रत्येक बॅचमधल्या दोन वड्या तपासा :

– ओल्या बोटाने वडी चोळा आणि तो फेस जिभेच्या टोकाला लावा. नऊ व्होल्टची बॅटरी चाटल्यासारखा झटका बसला तर कॉस्टिक मोकळं आहे. नुसती साबणाची चव आली तर ठीक. तोंड धुवून टाका.
– फेसाला पीएचची पट्टी लावा. ९ ते १० ही साबणाची नेहमीची जागा. ११ च्या पुढे गेलं तर ती बॅच दानातून बाद.
– वडी मधोमध कापा. वरच्या पृष्ठभागावरची पांढरी पूड म्हणजे खार, ती निरुपद्रवी. पण आत पांढरे खडे किंवा पाणी साठलेले खिसे दिसले तर बाद.
– वास घ्या. जुन्या शेवेसारखा खवट वास येत असेल तर बाद.
– एक वडी स्वतः आठवडाभर अंगाला लावा. जी वडी तुम्ही लावत नाही, ती वृद्धाश्रमातल्या आजीने का लावावी?

बाद झालेली बॅच "निदान हात धुवायला तरी" म्हणून देऊ नका.

टप्पा ७ : वेष्टन आणि लेबल

बटर पेपर किंवा साधा तपकिरी कागद, दोन्ही टोकं थोडी मोकळी. हवाबंद प्लास्टिकमध्ये साबण घामेजतो. वर्तमानपत्राची शाई वडीला लागते.

लेबलवर एवढं हवं, मोठ्या अक्षरात :

अंगाचा साबण, बिनवासाचा. घटक : खोबरेल, पामतेल, शेंगदाणा तेल, एरंडेल, पाणी, सोडियम हायड्रॉक्साइड. वजन ८५ ग्रॅम. बॅच ४. केल्याची तारीख. वापरण्याची मुदत : १२ महिने. फक्त बाहेरून वापरण्यासाठी. करणाऱ्याचं नाव, पत्ता, फोन.

परवानाधारकाने केला असेल तर त्याचं नाव आणि परवाना क्रमांक. फौजेत पाठवायचा असेल तर हेच हिंदीतही.

"खरूज जाते", "मुरुमांवर रामबाण", "जंतुनाशक" असलं काहीही लिहू नका. रोग बरा करण्याचा दावा केला की कायद्याच्या नजरेत ती वस्तू सौंदर्यप्रसाधन न राहता औषध होते, आणि प्रकरण वेगळ्याच दारात जातं.

लहान मुलांच्या संस्थेसाठी खाऊसारख्या दिसणाऱ्या वड्या करू नका. लाडू, चॉकलेट, बर्फीच्या आकाराचे साबण मुलं तोंडात घालतात.

टप्पा ८ : पोचवणं

दिवाळीच्या पार्सलची ही खास चूक : चिवडा, लाडू आणि साबण एकाच खोक्यात. महिनाभर प्रवास नको, चार दिवसांत चिवड्याला साबणाचा वास लागतो, मग दोन्ही फुकट. साबणाचं खोकं वेगळं, आणि फराळाच्या खोक्याला चिकटवून बांधू नका.

संस्थेत आधी दिवस आणि वेळ ठरवून जा. जेवणाची आणि दुपारच्या झोपेची वेळ टाळा. वड्या अधीक्षकांच्या किंवा कोठी सांभाळणाऱ्या माणसाच्या हाती द्या, आकडा मोजून. त्यांच्या नोंदवहीत नोंद आणि पोचपावती मागा. करसवलतीसाठी मात्र या पावतीचा उपयोग नाही : आयकरातली देणगीची वजावट पैशाच्या देणगीला आहे, वस्तूंना नाही.

सोबत भोकं असलेली साबणदाणी जमली तर द्या, माणशी एक. घरच्या साबणात ग्लिसरीन शिल्लक असतं, साचलेल्या पाण्यात तो पटकन गळतो. ते जमत नसेल तर निदान वापरणाऱ्यांना सांगा की वडी कोरडी ठेवा.

बालगृहात मुलांचे फोटो काढू नका. बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम ७४ संस्थेतल्या मुलांची ओळख उघड करायला मनाई करतं. वृद्धाश्रमातही हातात साबण देऊन ओळीने उभं करणं मला पटत नाही. ज्यांना फोटो हवाच त्यांनी खोक्याचा काढावा.

दोन आठवड्यांनी एक फोन करा. चुरचुरतं का, लवकर संपतो का, कुणी वापरायचा सोडलाय का, एवढंच विचारा. एकालाही पुरळ आलं असेल तर बॅच नंबर विचारून त्या बॅचच्या उरलेल्या सगळ्या वड्या त्याच दिवशी परत आणा. लेबलवर नंबर नसेल, तर आणलेला सगळाच साबण परत न्यावा लागतो.